डुलत्या फळीवरची कवडी

खूप जुनी गोष्ट आहे. गावांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची. दिवस कासराभर वर आला होता आणि ओढ्यावरचं धुकं उठायचं होतं, नेमक्या त्या घटकेला हे सगळं सुरू झालं.

ओढ्याच्या मधोमध एक खडक होता. खडकावर एक लांब फळी टेकवलेली होती. अर्ध्याच्या पुढं गेलं की फळी डुलायची, आणि पुढचं टोक हळूहळू खाली जाऊन पलीकडच्या काठाला लागायचं. पलीकडे डोंगर होता, डोंगरावर हिरवं गवत होतं. अलीकडचं गवत उन्हानं पार करपून गेलं होतं.

मेंढ्या कुत्र्याच्या मागोमाग फळी ओलांडायच्या. कुत्र्यानं मधूनच उडी मारली, तर फळी उलटी फिरायची आणि मागचं कोकरू पाण्यात जायचं. म्हणून तिथं कुत्र्यांची परीक्षा घ्यायची एक रीत होती. फळीच्या पलीकडच्या टोकाला ओली हळद फासायची. ज्या कुत्र्याचे पाय पिवळे होतील, त्याचाच कळप डोंगरावर जाणार.

एका तरुण मेंढपाळणीची कवडी नावाची पांढरी कुत्री होती. त्या सकाळी बाई आधी पलीकडे गेली आणि मग कवडी फळीवर चढली. फळी डुलली मात्र, बाईचा जीव उडाला. ती हात हलवून ओरडायला लागली, "ये गं, ये लवकर! पडशील!"

कवडीनं तिथूनच काठावर उडी घेतली. पाय पांढरेच्या पांढरे.

बाकीचे मेंढपाळ हसले. "अगं, कुत्री पाळलीस का बेडकी?"

परीक्षा घेणारा म्हातारा मात्र हसला नाही. "पुनवेला परत बघू," तो म्हणाला. "तेव्हाही हळद लागली नाही, तर तुझ्या मेंढ्या अलीकडेच राहतील."

अलीकडे राहणं म्हणजे उपाशी मरणं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, किती जपते मी तिला! पण ती ऐकतच नाही."

तेव्हा कवडीच बोलली. "ऐकते की! तू ओरडलीस की मला वाटतं, फळी मोडली."

म्हातारा म्हणाला, "ऐकलंस ना पोरी? आता तू गप्प राहायला शीक. आणि तिला शेवटाकडून शिकव."

बाईनं अंगणात फळी मांडली. कवडीला अगदी टोकाच्या हातभर जागेवर उभं केलं आणि तिथंच, तिच्या पायांपाशी, लोणी लावलेला भाकरीचा तुकडा ठेवला. खाऊन होईपर्यंत उतरू दिलं नाही. मग जरा मागून चालवलं. मग आणखी मागून. मग फळीखाली दगड सरकवला. खाऊ बाईच्या हातात नसतो, फळीच्या टोकावर असतो, हे कवडीला हळूहळू उमगलं.

तिन्हीसांजेला फळी डुलायची, कवडी डुलायची. बघता बघता बाईला वाटायचं, सगळी पृथ्वीच कुठल्यातरी खडकावर टेकून अशी हळू डुलते आहे, आणि कुणी पडत नाही.

पुनव आली. धुक्यात ओढा दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. बाई आधीच पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिली. कवडी फळीवर चढली. मागून एक कोकरू निघालं. मध्यावर वारा सुटला आणि कवडीचा मागचा पाय घसरला. बाईच्या गळ्यापर्यंत हाक आली. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

कवडीनं तिच्याकडे पाहिलं. बाई पिवळ्या टोकाकडे बघत होती. मग कवडीनंही तिकडंच पाहिलं.

फळी हळूच टेकली. कवडी एकेक पाऊल टाकत आली आणि हळदीत उभी राहिली. कोकरू तिला अंग घासून काठावर उतरलं, तोवर ती हलली नाही.

म्हाताऱ्यानं तिचे पंजे उचलून पाहिले. चारही पिवळे! "बये, बोळा काढ आता," तो म्हणाला, "नाहीतर आनंदानं ओरडशील कशी?"

त्याच दिवशी तिच्या मेंढ्या डोंगरावर पोचल्या. खालून बघणाऱ्यांना त्या ढगांसारख्या दिसत होत्या.

तात्पर्य: घाबरून मारलेल्या हाकेनं लेकरू उडी घेतं, आपण धीर धरला तर ते आपल्या पायांनी पार होतं.

तुमच्या शेजारी कुणाचं बाळ नुकतं पाऊल टाकायला लागलं असेल, तर त्याच्या आईच्या कानावर ही गोष्ट तेवढी घाला.