आईची वीत

बार्शीच्या पेठेत बबनशेठचं कापडाचं दुमजली दुकान होतं, आणि शेठना आपल्या मालाचा भारी ताठा होता. एका दुपारी मंजुळानं तिथं चाळीस नंबरचे तीन कुर्ते घालून पाहिले. एक दंडात रुतला, दुसरा खांद्यावरून घसरला, तिसरा गळ्याखाली उतरेना.

"तिन्ही चाळीसच आहेत, ताई," शेठ म्हणाले. "कपड्यात खोट नाही. अंगच मापात नाही तुमचं!"

दुकानातल्या बाया खुदकन हसल्या. मंजुळाला आई आठवली. पाठीवरून दोनदा वीत फिरवून आई झंपर शिवायची, आणि तो असा बसायचा, जणू आईनंच जवळ घेतलंय. आई गेल्यापासून एकही कपडा तसा बसला नव्हता.

"माझी आई वितीनं मोजायची," ती म्हणाली.

"वितीनं? अहो, माणसागणिक वीत वेगळी! त्याला काय माप म्हणायचं?"

मंजुळानं तिन्ही कुर्ते पसरून छातीपाशी आडवे वितीनं मोजले. पहिला अडीच विती भरला, दुसरा पावणेतीन, तिसरा जेमतेम सव्वादोन.

"खरंय शेठ, वीत माणसागणिक वेगळी. पण माझ्या आईची वीत जन्मभर तेवढीच राहिली. तुमचा चाळीस तर एकाच दुकानात तीनदा बदलला!"

आता बाया शेठकडे बघून हसल्या. मंजुळा मात्र कुर्त्यावर पसरलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिली. हुबेहूब आईचा हात.

"कुर्ते राहू द्या," ती हळूच म्हणाली. "नुसतं कापड द्या."