बापाच्या पापाचा भार

एका राज्यात पाप केले राजाने आणि दगड होऊ लागली प्रजा. राजा रणकेतूने डोंगरावरच्या मांत्रिकाचा सुवर्णकलश लुटला आणि कलश राखणाऱ्या त्याच्या मुलाला ठार मारले. मांत्रिक कालभृंगाने शाप दिला. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी उभ्या जागी शिळा होई. राजाने रेडे बळी दिले, मग कैदी बळी दिले. स्वतः मात्र सिंहासनावरून हलला नाही.

राजकन्या मृगावतीची दाई वेशीवर शिळा झाली, त्या दिवशी राजकन्या संतापाने पेटली. बापाचे तोंडही न पाहता तिने कलश उचलला आणि डोंगराची वाट धरली. वाटेत एक भारद्वाज पक्षी बोलला, की शाप उतरवायला तीन गोष्टी कराव्या लागतील. मांत्रिकाच्या दारी पोचेपर्यंत कलश हातून सोडू नये, शिव्याशाप मुकाट ऐकावेत. तिसरी मांत्रिक सांगेल.

कलश निखाऱ्यासारखा तापला. तिने सोडला नाही. घाटात बळी गेलेल्या कैद्यांची भुते आडवी आली, खुन्याची पोर म्हणून तिच्यावर थुंकली. उलट उत्तर ओठांवर आले, ते तिने गिळले. भुते खोटे बोलत नव्हती.

कालभृंगाने कलशाकडे पाहिलेही नाही.

“शाप कुणीतरी अंगावर घेतलाच पाहिजे. घेशील?”

“प्रजेसाठी घेते.”

“तेवढ्याने भागत नाही. पाप बापाचे. त्याच्यासाठी घे.”

मृगावतीला राग अनावर झाला. कलश तिने खडकावर आपटला. त्या माणसाला जगण्याचा हक्कच नाही, असे ती कडाडली. नाहीच, मांत्रिक म्हणाला. हक्क असता तर दुसऱ्या कुणी मरायची गरज काय होती?

तिने खाली, शिळांनी भरलेल्या नगराकडे पाहिले. राग निवला नाही. त्या रागासकट ती म्हणाली, “त्याच्यासाठीही घेते.”

तळव्यांपासून कपाळापर्यंत ती शिळा झाली आणि खाली नगरात सगळ्या शिळा माणसे होऊन चालू लागल्या. पण निष्पाप देहात शापाला मूळ धरता येईना. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला, तेव्हा शिळा तडकली आणि मृगावती श्वास घेत बाहेर आली.

रणकेतू अनवाणी डोंगर चढून आला, तिच्या पायांशी कोसळला.

“तात, तुम्हाला क्षमा आहे,” ती म्हणाली. “सिंहासन नाही.”

राजाने मुकुट उतरवला आणि पुत्रहीन कालभृंगाच्या दारी आमरण पाणी भरले. मृगावती गादीवर बसली. तिच्या राज्यात पुन्हा कुणाचा बळी दिला गेला नाही.