रुसलेल्या बंदुकीचा उखाणा

"खट्ट!"

एवढाच आवाज आला. बार काही उडाला नाही.

दसऱ्याचा दिवस. धारकोटचे राजे हैबतराव गावाच्या शिवेवर उभे, समोर झाडाला टांगलेलं मडकं आणि मागे सगळी रयत. राजांनी गोळीनं मडकं फोडायचं, मग लोकांनी सोनं लुटायचं, अशी तिथली रीत. राजांनी पुन्हा चाप ओढला. पुन्हा खट्ट! गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं! राजे लालबुंद!

"त्या धाकोजीला धरा! बंदुका सांभाळायला ठेवलाय की बिघडवायला? दिवस मावळायच्या आत बार उडाला नाही, तर त्याचा कडेलोट!"

"आत्ता साफ करून देतो, महाराज," म्हणत धाकोजी पुढे सरसावला, तोच राजपुरोहित बाळंभट कडाडले, "खबरदार! काल नवमीला महाराजांनी स्वहस्ते पूजलेली बंदूक ती! दुसऱ्या कुणाचा हात लागला तर राज्य बुडेल!"

घ्या! हात लावायचा नाही आणि बार मात्र उडवायचा. अकलेचे कांदे दरबारात बसले की असंच व्हायचं.

शिपायांनी धाकोजीला दोर बांधला. ते पाहून त्याची लेक ठकी गर्दीतून पुढे आली. बाप बांधलेला, पण पोरीची जीभ जागेवर होती.

"महाराज, बंदूक बिघडलेली नाही, रुसलीय! मी हात न लावता विचारते तिला. तुम्ही फक्त धरून ठेवा. आणि तिचं तोंड डोंगराकडे करा बरं का! रुसलेलीचा नेम नसतो, कधी तोंड उघडेल सांगता येत नाही."

राजांनी बंदुकीचं तोंड वळवलं. ठकी बाजूनं वाकली आणि हं हं करत ऐकू लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, माझा कान कुंकवानं बुजलाय. हुकूम ऐकू कसा येणार?"

राजांनी पाहिलं. नळीतल्या दारूपर्यंत जाळ पोचवणारं बारीकसं भोक, त्यालाच बंदुकीचा कान म्हणतात. तो कुंकवानं गच्च भरलेला!

"शास्त्राप्रमाणे कुंकू..." बाळंभट सुरू झाले.

"भटजी, शास्त्रानं मडकं फुटत असेल तर फोडा की!" ठकी म्हणाली. "महाराज, कानाजवळच्या वाटीतला गंधाचा गोळा नि दारू आधी झटकून टाका. मग बाभळीच्या काट्यानं कान कोरा."

राजे कान कोरू लागले. रयत आ वासून बघू लागली.

"दाताला तूप लागलंय म्हणते. दात म्हणजे ही गारगोटी. ती पोलादावर घासायची, तर तुपानं घसरते, ठिणगी कशी पडेल? दोन्ही पुसा. अहो, जरीच्या शेल्यानं नको, सुती फडकं घ्या! गारगोटी हलतेसुद्धा आहे. चामड्याच्या तुकड्यात धरून घट्ट आवळा. आता वाटीत कोरडी दारू घाला. चिमूटभरच! नैवेद्य नव्हे तो!"

"आणखी काही?" राजांनी घाम पुसला. पुसता पुसता कपाळाला काजळी लागली, पण सांगणार कोण?

"आहे, पण सांगायला लाजते. म्हणते, धनी डोळे मिटून चाप ओढतात, मग बघायचं कुणी? वाटीत भडका उडाला की दचकतात. गोळी निघायला निमिषभर लागतं, तेवढा तरी दम धरा म्हणावं!"

गर्दीतल्या माना खाली गेल्या, खांदे मात्र हलत होते. राजांनी दातओठ खात बंदूक पुन्हा मडक्यावर रोखली, डोळा उघडा ठेवला, चाप ओढला, दम धरला.

धडाम्! मडक्याच्या ठिकऱ्या!

लोकांनी जल्लोष केला. पण राजे थोडेच गप्प बसणार?

"कुंकू-तूप कोंबून माझी फजिती केली कुणी? विचार तिला! नाव कळलं नाही, तर तुझ्या बापाची सुटका नाही."

बाळंभट हळूच दोन पावलं मागे सरकले. पूजा कुणी केली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नाव घ्यावं तर राजाचा अपमान, न घ्यावं तर बाप कड्याखाली!

ठकीनं पुन्हा कान लावला आणि तोंडाला पदर लावून हसली.

"नाव घेत नाही, महाराज. धन्याचं नाव कोणती बाई सरळ घेते? फारच आग्रह असेल तर उखाण्यात घेते म्हणते."

"घेऊ दे!"

"कानात कुंकू, दाताला तूप, वाटीत गंधाचा गोळा,
हैबतरावांचं नाव घेते, आता तरी उघडा ठेवा डोळा!"

राजांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. नखांत कालचं कुंकू अजून तसंच होतं. आणि मग राजे असे हसले, असे हसले, की पागोटं कलंडलं!

"सोडा धाकोजीला! आणखी काय म्हणते आमची बाईसाहेब?"

"न्हायचंय म्हणते. बार उडाला की नळी कढत पाण्यानं धुवायची, कोरडी पुसायची आणि मग तेलाचा हात फिरवायचा."

"पूजा संपली! बाळंभट, पाणी तापवा!" राजांनी फर्मावलं. मग मिशी पिळत म्हणाले, "पण पोरी, बार उडाला तरी कडेलोट म्हणून शब्द गेलाय आमच्या तोंडून. राजाचा शब्द फुकट कसा जाऊ द्यायचा?"

"मग अर्धा पाळा की, महाराज! लोट ठेवा तुमच्याकडे, आम्हाला नुसतं कडं द्या!"

राजांना पुन्हा हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि ठकीच्या हातात घातलं.