पाकळी आणि पाकोळी

आंबेशेतच्या देवराईत भर दुपारी या. रानजाई देवीच्या पाषाणाभोवती नखाएवढ्या पांढऱ्या पाकोळ्या भिरभिरताना दिसतील. फुलपाखरं नव्हेत ती. पतंगाच्याच जातीची, पण दिवसा उडणारी. आणि देवीपुढे दिवा शोधत बसू नका. तो इथे लावतच नाहीत.

पूर्वी लावत असत, असं सांगतात. तेव्हा देवीची पूजा ठकू गुरवीण करी. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, गोजरा. एका साली गोजरा तापाने फणफणली. ठकूने तिला देवीच्या पडवीत आणून निजवलं आणि नवस बोलली, ताप उतरेपर्यंत दिवा अखंड तेवत ठेवीन.

दिवा तेवत राहिला, ताप काही हटेना. त्यात रोज तिन्हीसांजेला राईतल्या पाकोळ्या ज्योतीवर झेप घेत आणि सकाळी ठकू त्यांचे जळके पंख झाडून काढी. गोजराला ते बघवेना. आठव्या दिवशी ती पेजेलाही तोंड लावीना.

"आये, दिव्याला निरोप दे गो," ती म्हणाली. "माझ्यापायी त्या मरतायत."

ठकू पेचात पडली. नवस मोडावा तर लेकीच्या जिवाशी गाठ, न मोडावा तर लेक अन्नाला शिवत नाही. शेवटी दिव्याला निरोप द्यावा का, म्हणून तिने देवीलाच कौल लावला. पाषाणावर उजवी-डावीकडे कुड्याच्या पांढऱ्या फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हात जोडून ती टक लावून बसली. डोळे रडून सुजलेले. एवढ्यात उजवीकडून काहीतरी पांढरं सुटलं. ठकूने मागचापुढचा विचार न करता पदराच्या वाऱ्याने दिव्याला निरोप दिला.

मग वर पाहते तो दोन्ही पाकळ्या जागच्या जागी! उडाली होती ती पाकोळी. देवीने होकार दिलाच नव्हता. पाषाणावर डोकं टेकून ठकू म्हणाली, "चूक माझी हाय, बाय. पोरीवर काढू नको."

पडवीतून आवाज आला, "आये, पेज हाय काय?"

गोजराचं कपाळ घामाने निथळत होतं. ताप उतरला होता. ठकू तेव्हा हसली की रडली, ते म्हणे तिचं तिलाही कळलं नाही.

देवीने चूक पोटात घातली, की पाकोळी तिनेच धाडली, यावर गावातली म्हातारी माणसं अजून हुज्जत घालतात. पाकोळ्या मात्र तेव्हापासून उन्हातच उडतात. आजही कौल लावताना उजव्या अंगाला पाकोळी येऊन बसली, तर गुरव तिला हाकलत नाही. ती उडाली, की पाकळी जागच्या जागी असली तरी होकार धरतात.