तर्री काढलेला रस्सा

नाशकात एकदा एक आचारी होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. दात निम्मे पडलेले, पण कुणाच्या घरी कांदा करपला ते गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगायचा. त्याच्या हाताखाली एक पोरगी रांधायला शिकली. पुढं तिनं आपल्या मनानं लग्न केलं, आणि त्या रागानं सासरा तिच्या घरी पाण्यालासुद्धा थांबेना.

सासरा साधासुधा नव्हे बरं का. सगळी नोकरी वाईनच्या कारखान्यात झालेली, नाक कायम वर. अखेर एका रविवारी तो जेवायला यायला कबूल झाला. नवऱ्यानं स्पेनची लाल वाईन आणली, खिशाला झेपेल अशी. पोरीनं काळ्या मसाल्याचं मटण केलं, वर लालभडक तर्री. आज हा माणूस पोटभर जेवला तर जेवला, नाहीतर परत उंबरा चढायचा नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तिनं अण्णाला बोलावून घेतलं.

अण्णानं रस्सा चाखला. असा मलाही कधी जमला नाही, म्हणाला. आणि पळी घेऊन सगळी तर्री एका वाटीत काढून ठेवली. पातेल्यात वाटलेलं खोबरं ढकललं. बाटली जरा वेळ फ्रिजात ठेवली.

पोरीनं पदर डोळ्याला लावला. "अण्णा, जीवच काढलात की हो त्याचा."

"काढला. आता त्यात रडू नको, मीठ बरोबर आहे."

सासरा आला. बाटलीवरची चिठ्ठी वाचून नाक मुरडलं. एक घोट घेतला, एक घास घेतला, परत घोट घेतला. मग भाकरीनं वाटी पुसून खाल्ली आणि ग्लास पुढं केला.

आत पोरगी कुजबुजत विचारायला लागली, जादू काय केली म्हणून. अण्णानं तिला चमचाभर तर्री चाटवली, वर वाईन पाजली. तोंडाचा जाळ झाला, वाईन कडूजहर लागली. मग भाकरी खायला लावून रस्सा दिला, वर तीच वाईन. आता ती पिकल्या जांभळासारखी मऊ.

अण्णा म्हणाला, "ही बाई स्पेनहून बूच लावून आली. तिला आता काय शिकवणार? तुझं पातेलं अजून चुलीवर होतं, म्हणून त्याला सांगितलं, जरा नमतं घे. तर्री काही वाईट नव्हती. फार चांगली होती, म्हणून दुसऱ्याला बोलू देत नव्हती. अन् तो बाहेर बसलाय ना, तोही बूच लावलेलाच आहे. त्याला जरा हवा लागू दे."

पोरीनं हसू दाबलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. ती गेली. सासरा हाडूक चोखता चोखता म्हणाला, "तुझं माहेर कुठलं म्हणालीस?"

ती कधी म्हणालीच नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं. ती त्याच्यासमोर खाली बसली, आणि सांगायला लागली.