धनेशाची टकटक

एका रानात, बेहड्याच्या उंच झाडावर एक धनेश आपल्या मादीसह राहत असे. मुलांनो, या पक्ष्याची रीत जगावेगळी आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेते. उरते ती फक्त चोचीपुरती फट. पिल्लू मोठे होईपर्यंत ती आतच. नर जे आणील ते खायचे. या दोघांनी एक खूण ठरवली होती : दोनदा टकटक, जरा थांबायचे, मग एकदा टक्. ती ऐकल्याशिवाय मादी फटीशी येत नसे. "ही खूण आपल्या दोघांतच हं," ती म्हणाली होती. "दोघांतच," असे धनेशाने कबूल केले होते.

पिल्लू झाले, एकुलते एक. उंबराची फळे आणायला धनेशाला दिवसभर खेपा पडू लागल्या. तेव्हा भृंगराज पक्षी शेपटीची लांब पिसे नाचवत त्याच्यासमोर येऊन बसला. "काय धनेशराव, वाळलात की हो! अहो, अर्ध्या रानाची फळं मी पोचवतो. तुमचीही पोचवीन. नुसती खूण सांगा."

"खूण कशाला? फळं माझ्याकडे दे, मी भरवीन."

"मग तुमची खेप वाचली कुठे? की विश्वास नाही माझ्यावर?"

धनेश ओशाळला. त्याने खूण सांगून टाकली आणि दोन दिवस फांदीवर पंख मिटून छान विसावला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ढोलीतून किंकाळी आली. धनेश धावला, तेव्हा उदमांजर तोंडात काहीतरी धरून खोडावरून उतरत होते. ओळखीची टकटक ऐकून पिल्लाने मोठ्या आशेने आपली चिमुकली मान फटीबाहेर काढली होती.

"मी नाही हो काही केलं!" भृंगराज रडवेला झाला. "खेपा फार झाल्या. उदमांजर म्हणालं, मीही पोचवतो, म्हणून त्याला खूण सांगितली."

"मग जा, परत घेऊन ये ती!"

"सांगितलेली खूण परत कशी आणू, धनेशराव?"

संध्याकाळी धनेशाने सर्वांत पिकलेले उंबर आणले. दोनदा टकटक, जरा थांबून एकदा टक्. फटीशी कोणी आले नाही.

"अगं, मी आहे."

"दुपारीही हीच टकटक झाली होती," आतून आवाज आला.

"आपण दुसरी खूण ठरवू."

"कोणाशी ठरवू? बाहेर कोण आहे, मला कसं कळावं?"

धनेशाच्या चोचीतले उंबर खाली पडले. "अगं, ती खूण मीच दिली. भृंगराजाला. खेपा चुकाव्यात म्हणून."

 मग ती हळूच म्हणाली, "चोर असं कबूल करत नाही. म्हणजे हे तुम्हीच आहात."

फटीत चोच दिसली. एकच. तिने खायला मागितले नाही. ती आतून लिंपण फोडू लागली. आत बसून राखण्यासारखे आता काही उरले नव्हते.

तात्पर्य : आपल्या खात्याचा पासवर्ड म्हणजे आपल्या घराची खूण आहे. काम सोपे करून देतो म्हणणाऱ्या परक्या संकेतस्थळाला ती देऊ नका. ते लबाड नसले तरी त्याच्याकडून ती कोणाकडे जाईल हे आपल्या हाती राहत नाही, आणि किंमत मात्र आपल्या माणसांना मोजावी लागते.