मशीनबाई आणि लादीचं फडकं

वस्तू एकमेकींशी बोलत, तेव्हाची गोष्ट. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली वॉशिंग मशीन इंदुताईंनी खाली उतरवली, पट्टा बदलला, घासूनपुसून लख्ख केली. चालते का बघायला त्यांनी आत टाकलं लादी पुसायचं फडकं.

मशीन फणफणली, "अरे, मी साहेबांचे पांढरे शर्ट धुतलेत! लांब सरक, अंगाला लागू नकोस."

फडकं मुकाट्यानं सरकलं. मशीन घरघरत फिरली, थांबली. इंदुताईंनी झाकण उघडलं, तर फडकं काळंकुट्ट. गंज, जुना साबण, कुजका मळ. सगळं मशीनच्याच पोटातलं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फडकं हळूच म्हणालं, "अजून आत बरंच आहे, मशीनबाई. शर्ट यायच्या आधी मला पुन्हा एकदा आत घ्या."